एकांत निराळा, एकटेपणा निराळा

‘एकांत’ आणि ‘एकटेपणा’ हे दोन शब्द बोलण्याच्या ओघात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थांत महदंतर आहे. एकांत हा मनुष्य आपण होऊन पत्करतो. एकटेपणा त्याच्या वाट्यास येतो. तुकारामबुवा देहूचा गलबला मागे ठेवून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, तो एकांत होय. डोंगर उतरून खाली आले म्हणजे कीर्तनास जमणारी मंडळी त्यांची वाट पाहत असत. याच्या उलट, दहाबारा माणसांच्या भरल्या घरात नव्याने आलेल्या सुनेशी कामापुरतेही कोणी गोडीने बोलत नाही, असा प्रकार आपल्याकडे अपूर्वाईचा नाही. तिच्या भोवती माणसांची दाटी आहे, आणि तरीही ती एकटी आहे. एतावता एकटेपणा हा आजूबाजूची डोकी मोजून ठरत नाही. मनुष्यास जसे आणि जितके संबंध हवेसे वाटतात व प्रत्यक्ष जे लाभतात, त्या दोहोंमधील तूट म्हणजे एकटेपणा.

ही तूट मनास जाणवते ती भुकेसारखी. भूक ही काही रोग नव्हे. अन्नाची गरज आहे हे शरीराने दिलेले ते स्मरण होय. तद्वत एकटेपणाची बोचणी हीदेखील माणसाने माणसांत जावे याकरिता निसर्गाने ठेवलेली सूचनाच आहे. चार दिवस परगावी राहिलेल्या माणसास घरची ओढ लागते, ती याच जातीची. परंतु भूक महिनोन्महिने भागलीच नाही तर शरीर खंगते. आणि एकटेपणा वर्षानुवर्षे तसाच राहिला तर मन खंगते. मनाच्या या खंगण्याची एक अवस्था अशी आहे की तिला नुसते दुःख म्हणून चालत नाही. वैद्यकशास्त्र तिला नैराश्याचा आजार म्हणते. एकटेपणापासून या आजारापर्यंतची वाट कशी जाते आणि ती कोठे अडविता येते, हे समजून घेणे प्रत्येक घरास अगत्याचे आहे.

पुष्कळ सुशिक्षितांचा असा समज असतो की ही सारी पश्चिमेकडील मोठ्या शहरांची दुखणी. आपल्या गावखेड्यांत, जेथे सारे एकमेकांस ओळखतात, तेथे एकटेपणास थारा कोठून असणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकास एकटेपणा जाचतो असे म्हटले आहे, आणि ही पीडा केवळ श्रीमंत देशांपुरती नाही हेही स्पष्ट केले आहे. तरी जगाचा आकडा बाजूस ठेवून आपल्याच मुलखातील एक गाव समोर घेतले, तर गोष्ट अधिक उलगडेल.

लातूर जिल्ह्याच्या पूर्व अंगास, कर्नाटकाच्या सीमेलगत देवणी हे तालुक्याचे गाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही बोली येथील बाजारात ऐकू येतात, आणि सोयरिकी सीमेपलीकडे भालकी-बिदरपर्यंत जातात. या गावाचे नाव देशभर पोचले ते तेथील गुरांमुळे. पांढऱ्या अंगाचा व काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवेरा, असे देवणी जातीचे तीन प्रकार जाणकार सांगतात. गाय दुधास बरी आणि बैल औतास खंबीर, म्हणून शेतकऱ्यास ही जात प्रिय.

आता एकटेपणाच्या चर्चेत बैलाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. बैलाच्या शेतीत माणसाला माणसावाचून गत्यंतर नसे. ज्याच्याजवळ एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी सावड करी. आज याचे शेत, उद्या त्याचे. नांगरट मागे पडली की इर्जिक घालीत. गावातील औते एका शेतात जमत आणि मोबदला म्हणून धनी सर्वांस जेवू घाली. बायकांना पाण्याकरिता आडावर जावे लागे, दळण, कांडण, शेवया, वाळवणे यांकरिता शेजारीण लागे. संध्याकाळी विरजण मागावयास गेलेली बाई अर्धा घटका बोलून येई. यांपैकी कोणीही ‘भेटावयास’ म्हणून जात नसे. जो तो कामास जाई, आणि भेट आपोआप होई. भेटीसाठी निमित्त शोधावे लागत नव्हते, हेच त्या व्यवस्थेचे मर्म होय.

जुन्या गावाचे गोडवे गाण्याकरिता हे सांगितलेले नाही. त्याच गावात कित्येकांना आडावर पाणी भरू देत नसत. विधवेला शुभकार्यात समोर येऊ देत नसत. आणि ज्याला पंचांनी वाळीत टाकले त्याचा एकटेपणा तर मरणाहून दुःसह असे. वाळीत टाकणे ही शिक्षा ठरली याचाच अर्थ असा, की संबंध तुटणे हा देहदंडाच्या बरोबरीचा दंड आहे हे त्या समाजास पक्के ठाऊक होते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि तो २०१७ साली अमलात आला. त्या गावाने काहींना जवळ घेतले व काहींना दूर लोटले, हे दोन्ही खरे आहे.

पुढे काळ पालटला. ट्रॅक्टर आला आणि सावडीची गरज सरली. नळ आला, आडावरची वर्दळ थांबली. गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. यांतील प्रत्येक गोष्ट कष्ट कमी करणारी, म्हणून स्वागतार्हच होती. परंतु कष्टाबरोबर त्यांच्या पोटात असलेली भेटही नाहीशी झाली, आणि तिच्या जागी काय ठेवावयाचे याचा विचार कोणी केला नाही. त्यातच मुले शिक्षणासाठी उदगीर-लातुरास, आणि पुढे नोकरीसाठी पुण्या-मुंबईस व हैदराबादेस गेली. मागे राहिले ते वृद्ध जोडपे. आणि काही वर्षांनी त्या दोघांतील एकच.

माणसांच्या मांडणीचा मनावर किती परिणाम होतो याचा दाखला याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास सापडतो, आणि तो फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे चार वाजावयाच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे कोसळली व हजारो माणसे त्यांखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसविण्यात आली. घरे भूकंपास टिकतील अशी बांधली गेली. देशोदेशीच्या लोकांनी आणि संस्थांनी हात दिला, आणि इतक्या थोड्या वर्षांत इतके बांधकाम पुरे झाले, ही सामान्य कामगिरी नव्हे.

तथापि नवे गाव हे जुन्या गावासारखे नव्हते. जुन्या गावात घरे एकमेकांस टेकून, गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या, मध्ये पार, दारापुढे ओटा; भाऊबंद आणि शेजारी पिढ्यान्‌पिढ्या लगत राहत आलेले. नव्या गावात रस्ते रुंद व सरळ, घरे ओळीने आणि सुटी सुटी, आणि गावाचा पसारा पूर्वीच्या कितीतरी पट. घरांचे आकार शेतजमिनीच्या मानाने ठरले होते: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. एका आकाराची घरे एका भागात आल्यामुळे पुष्कळ ठिकाणी जुने शेजारी आणि सख्खे भाऊदेखील गावाच्या दोन टोकांस गेले. ज्या म्हातारीस ओट्यावर बसल्या बसल्या वीस माणसे जातायेता दिसत व बोलत, तिला आता रुंद रस्त्यापलीकडे बंद दार दिसू लागले. हा कोणाचा दुष्टावा नव्हता. नकाशा काढणाऱ्यांनी भिंतींच्या बळाचा विचार केला, पण दोन दारांमधील अंतरास मनाच्या आरोग्याशी काही कर्तव्य असेल हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे लोकांनीच आपापल्या ऐपतीप्रमाणे घरांना पडव्या काढल्या आणि बसाउठावयास जागा केल्या.

भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या ४२ माणसांची तपासणी केली. तिचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांस मानसिक विकार जडल्याचे आढळले, आणि त्यांत आघाताची भीती व नैराश्य हे विकार मुख्य होते. स्त्रियांस व ज्यांचा रोजगार बुडाला त्यांस हा धोका अधिक होता. आप्त गेल्याचे दुःख हे उघड कारण होते. परंतु काम गेलेल्या माणसाचा उल्लेख लक्षात ठेवण्याजोगा आहे. काम जाते तेव्हा केवळ मजुरी जात नाही. सकाळी कोणीतरी आपली वाट पाहते, हेही त्याबरोबर जाते.

दुसरी एक गोष्ट याच काळातील. ज्या गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती, तेथे दुरुस्तीचे काम घरमालकांनीच करावयाचे होते. हा व्यवहार लोकांस समजावून देण्याकरिता ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. घरोघर जाणे, मोजमाप पाहणे, अडचण ऐकणे, कचेरीत विचारणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रिया त्यापूर्वी उंबऱ्याबाहेर क्वचित निघत, त्या सिमेंटच्या निमित्ताने एकत्र बसू लागल्या. आणि घरे दुरुस्त झाल्यावरही पुष्कळ ठिकाणी त्यांच्या बैठका बचतगटांच्या रूपाने चालू राहिल्या. कामातून भेट निर्माण होते, हा देवणीच्या बैलाचा धडा येथे नव्याने गिरविला गेला.

आता एकटेपणापासून आजारापर्यंतची वाट पाहू. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि या वाटेचे वर्णन तिच्याहून नेमके करणे कठीण आहे. दीर्घकाळ एकटा पडलेला मनुष्य सावध होतो. रानात एकटे चालणाऱ्याने प्रत्येक आवाजाला दचकावे तसा. समोरच्याच्या साध्या बोलण्यातही त्यास तिरस्काराचा वास येऊ लागतो. शेजारी घाईने निघून गेला तर ‘त्याला घाई होती’ असे न वाटता ‘त्याने मला टाळले’ असे वाटते. मग तो आपण होऊन बोलावयाचे सोडतो. लोक म्हणतात, याला ताठा आला. आणि तेही दूर राहू लागतात. अशा रीतीने जी शंका आरंभी खोटी होती ती अखेरीस खरी होते. शिकागो येथील जॉन कॅसिओपो व त्यांचे सहकारी यांनी पन्नाशी ते सत्तरीच्या आतील २२९ माणसांची पाच वर्षे पाहणी करून २०१० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की आज ज्याचा एकटेपणा अधिक त्याची नैराश्याची लक्षणे पुढील वर्षांत वाढतात. म्हणजे एकटेपणा हा नैराश्याचा केवळ सोबती नसून पुष्कळदा तो त्याच्या पुढे चालणारा आहे.

आजार एकदा जडला म्हणजे तो एकटेपणास खतपाणी घालतो. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची शक्तीच ओसरते. अंघोळ करून कपडे बदलून बाहेर पडणे हे त्यास डोंगर चढण्याएवढे जड वाटते. ज्या गोष्टीत पूर्वी गोडी होती, भजन, शेत, नातवंडे, चहाचा कप, तिच्यात आता रस राहत नाही. यास ‘आळस’, ‘नाटक’ किंवा ‘सुख दुखते’ असे म्हणणे हा अज्ञानाचा प्रकार होय. ताप आलेल्या माणसास ‘मनात आणलेस तर अंग थंड होईल’ असे कोणी सांगत नाही.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात काय, किंवा शहरातील वडील मंडळींत काय, ‘मी निराश आहे’ असे क्वचितच कोणी म्हणतो. तक्रार येते ती शरीराच्या भाषेत: झोप लागत नाही, पहाटेच जाग येते, अन्नास चव नाही, अंग जड वाटते, डोके दुखते, छातीत धडधडते, कशातच जीव लागत नाही. औषधे आणली जातात, तपासण्या होतात, आणि त्यांत काही निघत नाही. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ प्रतिदिवशी राहिली, आणि त्यामुळे नित्याचे व्यवहार अडू लागले, तर तो नैराश्याचा आजार असण्याचा संभव धरून डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे. जगण्यात अर्थ नाही, आपला सर्वांस भार झाला आहे, अशी भाषा कोणाच्या तोंडून निघाली तर एक दिवसही थांबू नये. त्यास एकटे ठेवू नये, आणि ‘असे बोलू नये’ म्हणून गप्पही करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे व उपचाराची वाट धरावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनीची सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. आजारास औषध लागते तेथे औषधच घेतले पाहिजे. शेजाऱ्याची सोबत ही त्याची बदली नव्हे. मात्र औषधाने बरा होऊ लागलेला मनुष्य पुन्हा त्याच रिकाम्या घरात एकटा बसणार असेल तर दुखणे परतण्याची भीती राहतेच.

मग ही वाट अडवावयाची कोठे? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकटेपणावर उपाय म्हणजे जिवाभावाचा मित्र मिळणे, असे पुष्कळांस वाटते. आणि उतारवयात तो कोठून मिळावा, म्हणून ते हात टेकतात. जिवलग माणसाचे मोल मोठेच. परंतु मन रोजच्या रोज ज्यावर जगते ते अन्न पुष्कळ साधे आहे. कॅनडातील दोन संशोधक स्त्रियांनी कॉफीच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोललेल्या गिऱ्हाइकांचे मन, घाईने पैसे देऊन निघून गेलेल्यांपेक्षा, अधिक प्रसन्न होते. आपण या जगाचे कोणीतरी आहोत असे त्यांस अधिक वाटले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या दुसऱ्या एका प्रयोगात आगगाडीने रोज जाणाऱ्यांस विचारले असता, अनोळखी माणसाशी बोलणे कंटाळवाणे होईल असा त्यांनी अंदाज केला. प्रत्यक्षात बोलून पाहणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. भाजीवाली, गिरणीवाला, वाण्याचा मुलगा, टपालवाला, रोजच्या फेरीत भेटणारा अनामिक म्हातारा, ही सारी माणसे मनाच्या अन्नाची पुरवठेदार आहेत. जो मनुष्य भाजीपासून औषधापर्यंत सर्व काही फोनवरून दारात मागवितो, त्याचा वेळ वाचतो खरा. परंतु दिवसाकाठी मिळणारी ही आठदहा छोटी बोलणी तो सोडून देतो. तरुणास घरात, कचेरीत इतर माणसे असतात. वृद्धाचा तर तोच सारा शिधा असतो.

उपायाची दुसरी दिशा गोव्यातील एका प्रयोगाने दाखविली आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधी उपचारपद्धती वापरून पाहिली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले स्थानिक लोक होते. पद्धतीचे सार एवढेच, की ‘बरे वाटले म्हणजे करीन’ असे न म्हणता थोडे थोडे करावयास लागावे, म्हणजे बरे वाटू लागते. आज दारापर्यंत, उद्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, परवा बहिणीच्या घरी. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा या जोडीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा असाच प्रयोग झाला. त्यात गावातीलच माणसांस शेजाऱ्याचे दुःख ओळखावयास, ऐकावयास व गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत पोचवावयास शिकविले गेले. आणि आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात, जेथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ साली दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके ठेवून तेथे गावच्या आज्यांना बसविले. दुःखी माणसाने यावे, आजीशी बोलावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकावर बसलेल्यांची नैराश्याची लक्षणे सहा महिन्यांनी इतरांहून कमी असल्याचे दिसले. आपल्या गावातील पारावर ज्याचे बीज आहे तीच ही वस्तू होय. तिला शिस्त आणि शिक्षण यांची जोड दिली, एवढेच.

या साऱ्या उदाहरणांत एक सूत्र आहे. एकट्या माणसास केवळ सोबत पुरत नाही. आपली कोणास तरी गरज आहे आणि कोणी तरी आपली वाट पाहते, ही जाणीव त्यास लागते. या सूत्राने शहरातील सुशिक्षित घरांपुढील एका नित्याच्या प्रश्नाचा विचार करून पाहावा. वडील वारले, आई देवणीस एकटी आहे. मुलगा पुण्यास नोकरीवर. आईला पुण्यास आणावे, की गावीच ठेवावे?

मुलगा सज्जन असतो. तो आईला घेऊन येतो. चौथ्या मजल्यावर हवेशीर खोली, दूरचित्रवाणी, वेळेवर औषध. सकाळी आठ वाजता सून आणि मुलगा कामावर, नातवंडे शाळेत. ‘आई, तुम्ही आता काही करू नका, नुसता आराम करा,’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. परंतु जिच्या हातचे विरजण गल्लीत चार घरी जात होते, जिला बाळंतिणीचा काढा विचारावयास लेकीबाळी येत होत्या, तिला ‘काही करू नका’ असे सांगणे म्हणजे ‘तुमच्यावाचून आमचे अडत नाही’ असे सांगणेच होय. संध्याकाळपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नाही. भाषेचा वळसा निराळा, म्हणून शेजारणीशी बोलण्याचा संकोच. सहा महिन्यांत तिची झोप उडते, भूक मंदावते, आणि मुलगा रक्ताच्या तपासण्या करीत फिरतो.

म्हणून गावीच ठेवावे, असेही सरसकट म्हणता येत नाही. गावातील घर जर ओस पडलेल्या गल्लीत असेल, शेजारी स्थलांतरित झाले असतील, गुडघे चालू देत नसतील, तर तेथील एकटेपणा अधिक दारुण. निर्णयाची कसोटी गाव की शहर ही नसून, ‘दिवसाकाठी किती माणसे तिची वाट पाहतात?’ ही आहे. दोन्हीकडची अशी माणसे कागदावर मांडून मोजावीत. गावी पाच असतील आणि शहरात एकही नसेल, तर शहरात आणण्यापूर्वी तेथे निदान दोन-तीन तरी निर्माण करण्याची तजवीज केली पाहिजे: नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोचविण्याचे काम तिचेच असावे, भाजी तिनेच खाली उतरून आणावी, मग ती दोन रुपये महाग का पडेना, इमारतीतील एखाद्या तरुण आईस तिच्या हातच्या सल्ल्याची गरज आहे हे तिला कळू द्यावे. ती गावी राहणार असेल तर ठरलेल्या वेळी रोज फोन करावा. आणि त्यात ‘जेवलीस का, औषध घेतलेस का’ एवढेच न विचारता, ‘लोणच्याला मीठ किती घालू?’ असे काही मागावेही. देणाऱ्यापेक्षा मागणारा येथे अधिक देतो.

एकट्या पडलेल्या माणसाकडे पाहण्याची शेजाऱ्यांची रीतही याच सूत्राने सुधारता येईल. त्यास उपदेश करू नये, ‘माणसांत मिसळत जा’ असे सांगू नये. त्यास एखादे खरे काम सांगावे. वाचनालयाची किल्ली सांभाळणे, मुलांचा हिशेब तपासणे, सार्वजनिक नळाची वेळ पाहणे, असले काहीही चालेल. मात्र ते काम न झाल्यास कोणाचे तरी अडले पाहिजे. एकदा नाही म्हटले तर पुन्हा विचारावे, कारण पहिला नकार पुष्कळदा आजाराचा असतो, माणसाचा नसतो.

लातूर आणि त्याच्या आसपासच्या भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येस वेळ अमावस्या येते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे आणि शहरांतील रस्तेही ओस पडतात, आणि सारी माणसे शेतात असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. या सणाचा विशेष असा, की ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्यास आग्रहाने बोलावितो. शहरातला कारकून, दुकानदार, परप्रांतातून आलेला अधिकारी, कोणीही त्या दिवशी बिनबोलावण्याचा राहू नये, अशी रीत आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने दुष्काळ सोसले. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पण अमावस्येला माणूस बोलाविण्याची रीत त्याने मोडली नाही. वर्षातून एक दिवस जे इतक्या सहजतेने साधते, ते उरलेल्या दिवसांत थोड्या प्रमाणात साधणे अशक्य नाही. त्यासाठी शेत लागत नाही. ज्याचे दार दोन दिवस उघडलेले दिसले नाही, त्या दारावर काहीतरी मागावयाच्या निमित्ताने थाप मारावी, म्हणजे आरंभ झाला.